लिहायचं एक, बोलायचं दुसरं: किनाऱ्यावर लागणारी इंग्रजी

मराठी वाचणाऱ्याला एक सवय असते: अक्षर दिसलं की त्याचा आवाज काढायचा. देवनागरी बहुतेक वेळा ही सवय चालवून घेते. बहुतेक वेळा, कारण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहितात एकच, बोलतात वेगळा. ‘चांदी’ आणि ‘चांदणं’ यांचंही तसंच. हा फरक शाळेत कुणी शिकवत नाही, ऐकून ऐकून अंगवळणी पडतो. इंग्रजीत हा प्रकार पानोपानी आहे. अक्षरं 26, ध्वनी सुमारे 44, आणि त्यांची वाटणी कुणी एकदा बसून केलेली नाही. इंग्रजी स्पेलिंग म्हणजे उच्चाराची नोंद असं समजलं की घोळ सुरू होतो. ते खरं तर शब्दाचा जुना पत्ता असतं.

घरगुती निवास चालवणारे, खानावळवाले, बोटवाले, आंब्याच्या पेट्या बाहेरगावी पाठवणारे आणि मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी मुलं, या सगळ्यांना कोकणात ही इंग्रजी रोज लागते. खाली स्पेलिंग सांगताना अक्षरं सुटी करून दिली आहेत, ती इंग्रजी अक्षरांच्या नावांनी वाचावीत.

पत्ता जुना का राहिला

सन 1400 च्या सुमारास ‘नेम’ हा शब्द ‘नाम-अ’ असा बोलत. म्हणजे आपल्या ‘नाम’च्या अगदी जवळ. ‘टाइम’ होता ‘टीम-अ’, ‘हाउस’ होता ‘हूस’. पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक करून जागचे हलले. ही हलवाहलव चालू असतानाच, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील स्पेलिंग हळूहळू कायम होत गेलं आणि जीभ पुढे निघून गेली. ‘नॉट’ म्हणजे गाठ. त्यातला पहिला के पूर्वी खरोखर बोलत, ‘क्नॉट’ असा. बोलणं थांबलं, अक्षर राहिलं. नाइफ आणि नी, म्हणजे सुरी आणि गुडघा, यांचीही तीच कथा.

काही अक्षरं मात्र कधीच बोलली गेली नव्हती, ती विद्वानांनी मागाहून घुसवली. ‘आयलंड’मधला एस हे ठळक उदाहरण. जुन्या इंग्रजीतल्या या शब्दात एस नव्हताच. फ्रेंचमधून आलेला ‘आइल’ हा बेटाचा दुसरा शब्द, त्याचं मूळ लॅटिन ‘इन्सुला’, आणि तिथे एस होता. दोन्ही शब्द एकाच कुळातले समजून आयलंडलाही एस चिकटवला गेला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातला बी आणि ‘रिसीट’ म्हणजे पावती, यातला पी हेही लॅटिनची आठवण ठेवायला आणलेले. तेव्हा कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाचा माहितीफलक रंगवताना आय-एस-एल-ए-एन-डी असंच लिहायचं आणि पर्यटकांना सांगताना एस गिळायचा. पावतीपुस्तक छापून घेताना आर-ई-सी-ई-आय-पी-टी, बोलताना ‘रिसीट’.

सायलेंट अक्षरांची यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. एका अक्षरगटाचे किती आवाज होतात हे पाहिलं की का ते कळतं. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं ‘दो’मध्ये ओ होतात, ‘थ्रू’मध्ये ऊ, ‘टफ’मध्ये अफ, ‘कॉफ’ म्हणजे खोकल्यात ऑफ, आणि ‘बाउ’ म्हणजे झाडाच्या फांदीत आउ. यातून नियम निघत नाही. शब्द अख्खा ओळखावा लागतो, माणूस चेहऱ्याने ओळखतो तसा.

मेनूकार्ड

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यांचे फोटोही लगेच फिरतात. जेवणानंतरचा गोड पदार्थ म्हणजे डी-ई-एस-एस-ई-आर-टी, दोन एस. एक एस गळला की वाळवंट होतं. उच्चारही वेगळा: गोडाला ‘डिझर्ट’, जोर दुसऱ्या भागावर, वाळवंटाला ‘डेझर्ट’, जोर पहिल्यावर. गंमत अशी की वाळवंटाचंच स्पेलिंग क्रियापद म्हणून वापरलं, सोडून जाणे या अर्थी, की उच्चार पुन्हा गोडाच्या पदार्थासारखा होतो.

शिंपल्यांच्या गोतावळ्यात तर मराठी नावं नेमकी आणि इंग्रजी नावं ढिली अशी उलटी परिस्थिती होते. तिसऱ्या म्हणजे क्लॅम, सी-एल-ए-एम. यात दोन अक्षरांची अदलाबदल झाली की सी-ए-एल-एम, म्हणजे शांत, आणि त्याचा उच्चार ‘काम’, एल सायलेंट. ‘सी इज काम’ म्हणजे समुद्र निवांत आहे. शिणाणे म्हणजे मसल, एम-यू-एस-एस-ई-एल. एम-यू-एस-सी-एल-ई लिहिलं तर उच्चार तोच, अर्थ दंडाचा स्नायू. कालवं म्हणजे ऑयस्टर. माकूल म्हणजे स्क्विड, शेवंड म्हणजे लॉबस्टर. कुर्ली म्हणजे क्रॅब, आणि तिच्या शेवटच्या बी-चा पी झाला तर ताटात काय वाढलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माशांच्या नावांत अर्थाचा सापळा मोठा आहे. रावसाला मेनूत ‘इंडियन सॅमन’ लिहायची पद्धत पडली आहे. सॅमनमध्ये एल लिहितात, बोलत नाहीत. पण मूळ मुद्दा असा की रावस सॅमनच्या कुळातला नाहीच. युरोपातला पाहुणा गुलाबी-नारिंगी मांसाचा मासा डोळ्यांपुढे आणतो आणि पांढरा तुकडा आला की आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं. मुडदुशांना ‘लेडीफिश’ म्हणतात, पण दुसऱ्या देशांत त्या नावाचा मासा वेगळाच आहे. बोंबलाचं ‘बॉम्बे डक’ हे नाव जगभर माहीत असलं तरी पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते बदकच वाटतं. यावर साधा उपाय आहे: मराठी नाव रोमन लिपीत आधी, आणि पुढे चार-पाच साध्या शब्दांत तो पदार्थ काय आहे ते. सोलकढीपुढे ‘कोल्ड ड्रिंक ऑफ कोकम अँड कोकोनट मिल्क’ लिहिलं की पुरतं. कोंबडी-वड्यांचं तर भाषांतर करूच नये. ‘चिकन करी विथ फ्राइड पफ्ड ब्रेड’ एवढा खुलासा बस.

भारतात रुळलेले काही इंग्रजी शब्द बाहेर चालत नाहीत. ब्रिंजल हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द. ब्रिटिश माणूस वांग्याला ओबर्जिन म्हणतो, अमेरिकन एगप्लँट. लेडीफिंगर अमेरिकेत एक लांबट बिस्किट असतं, भेंडीला तिथे ओक्रा. दह्याला ‘कर्ड’ म्हटलं तर कित्येकांना फाटलेल्या दुधाच्या गुठळ्या आठवतात, म्हणून ‘योगर्ट’ लिहावं. आणि ‘होमली फूड’ हा घरगुती निवासांच्या पाट्यांवरचा लाडका शब्द. ब्रिटिश कानाला तो चालून जातो, ‘घरच्यासारखं’ असाच वाटतो. अमेरिकेत मात्र ‘होमली’ म्हणजे दिसायला बेताचा. ‘होम-कुक्ड’ लिहावं, दोन्हीकडे चालतं.

याच ओघात एक गंभीर गोष्ट. पाहुण्याने ‘एनी नट्स?’ असं विचारलं तर तो बहुधा ॲलर्जीबद्दल विचारत असतो. ओल्या काजूगरांच्या उसळीत काजू आहेत हे आपल्याला इतकं उघड असतं की तोंडातून सहज ‘नो नट्स’ निघून जातं, कारण आपल्या डोक्यात नट म्हणजे शेंगदाणे, नाहीतर बोल्टावरचा नट. काजू नट्समध्येच धरतात, आणि वाटणात घातलेलेही सांगायचे. नारळाचं वेगळं विचारून घ्यावं. ‘शेलफिश’ची ॲलर्जी आहे असं म्हणणाऱ्याला मासे चालत असतील, पण कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं यांतलं काय टाळायचं ते एकेक नाव घेऊन विचारावं. सुक्या जवळ्याची चटणी यात मोडते हे विसरलं जातं.

ऐकणाऱ्याच्या कानाला काय पोचतं

मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे, पण बोलताना आपण फरक करतोच असं नाही. इंग्रजीत तेवढ्या फरकावर शब्द बदलतो. शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. फिल म्हणजे भरणे, फील म्हणजे वाटणे. किनाऱ्यावर यातला सर्वांत नाजूक शब्द ‘बीच’, बी-ई-ए-सी-एच. ई चांगला लांबवायचा. तो ऱ्हस्व केला तर बाईमाणसाला दिलेली शिवी होते, आणि ‘वेलकम टु अवर बीच’ हे वाक्य भलतीकडे जातं. बेडशीटमधल्या शीटलाही हीच काळजी. बी-ई-ई-सी-एच असं लिहिलं तर उच्चार बरोबर, पण तो थंड प्रदेशातला एक वृक्ष. किनाऱ्याचा ‘कोस्ट’ आणि किमतीचा ‘कॉस्ट’ यांतही स्वरच वेगळा आहे. ओ बोलताना ओठ गोल करून किंचित लांबवायचा.

आपला व हा इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यू यांच्या मधोमध पडतो. व्ही-ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. डब्ल्यू-ला दात कुठेच लागत नाहीत, ओठ शीळ घालायला करतात तसे गोल होतात. ‘व्हेज’ नीट नाही आला तर ऐकणाऱ्याला ‘वेज’ म्हणजे पाचर ऐकू येते. एवढ्याने कुणाचं अडत नाही, संदर्भावरून कळतं.

अडतं ते आकड्यांत. फिफ्टीन आणि फिफ्टी. पंधरा म्हणताना जोर शेवटच्या ‘टीन’वर, पन्नास म्हणताना पहिल्या ‘फिफ्’वर. आपण दोन्हीकडे सारखाच जोर देतो आणि बोटीच्या फेरीचा दर ठरवताना वाद होतो. दर सांगताना ‘वन-फाइव्ह-झीरो-झीरो’ असं सुटं सांगावं, किंवा सरळ मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवावा.

एकाच आवाजाचे, दोन स्पेलिंगांचे शब्द पाटीवर दगा देतात. एस-ए-आय-एल म्हणजे शीड किंवा जलप्रवास, एस-ए-एल-ई म्हणजे विक्री. ‘बोट फॉर’च्या पुढे कोणता सेल लिहिला यावर गिऱ्हाईक बोट विकत घ्यायला येणार की फिरायला, ते ठरतं. काथ्याच्या वस्तूंवर सी-ओ-आय-आर. हा शब्द मल्याळममधल्या ‘कयर’वरून गेला. त्यात एच घुसला की सी-एच-ओ-आय-आर, ‘क्वायर’, म्हणजे चर्चमधला गायकवृंद. निवांत जागेची जाहिरात करताना क्यू-यू-आय-ई-टी. शेवटची दोन अक्षरं उलटली तर ‘क्वाइट’ होतं, म्हणजे ‘बऱ्यापैकी’, आणि वाक्य अर्धवट लोंबकळतं.

वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांसाठी पाटी लावायची तर शब्द ‘टर्टल’. ‘टॉर्टस’ हे जमिनीवरचं कासव. मराठीत दोन्हींना कासवच, म्हणून ही चूक होते.

जहाजावरची इंग्रजी

खलाशांनी शब्द इतके वापरले की ते झिजले, पण स्पेलिंगला धक्का लागला नाही. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्याचं स्पेलिंग बी-ओ-ए-टी-एस-डब्ल्यू-ए-आय-एन आहे. पुस्तकातून शिकलेला मुलगा पहिल्या दिवशी ‘बोटस्वेन’ म्हणतो आणि हसं होतं. तसाच फोरकॅसल (जहाजाचा पुढचा भाग) लिहून ‘फोकसल’, गनवेल (बोटीच्या बाजूची वरची कड) लिहून ‘गनल’, लीवर्ड (वारा जातो ती बाजू) लिहून ‘लूअर्ड’. यॉट हा शब्द डच, त्यातला सी-एच बोलत नाहीत. धक्क्याला ‘की’ म्हणतात आणि लिहितात क्यू-यू-ए-वाय. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, त्याचा इंग्रजी उच्चार ब्रिटनमध्ये ‘बॉय’, अमेरिकेत ‘बू-ई’; बी-यू-ओ-वाय.

काही शब्दांचे उच्चार दोन आणि अर्थही दोन. बी-ओ-डब्ल्यू ‘बाउ’ म्हटलं तर जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ‘बो’ म्हटलं तर धनुष्य किंवा फुलगाठ. एल-ई-ए-डी ‘लेड’ म्हणजे शिसं, ‘लीड’ म्हणजे पुढे चालणे. डब्ल्यू-आय-एन-डी ‘विंड’ म्हणजे वारा, ‘वाइंड’ म्हणजे गुंडाळणे. आर-ओ-डब्ल्यू ‘रो’ म्हणजे वल्हवणे, ‘राउ’ म्हणजे भांडण. ‘फॅदम’चा उच्चार एकच, पण नाम म्हणून तो आपला वाव, म्हणजे 6 फूट किंवा सुमारे 1.83 मीटर, आणि क्रियापद म्हणून ‘थांग लागणे’.

आवाजातल्या सारखेपणामुळे समुद्रावर जीव जाऊ शकतो, हे दर्यावर्दी लोकांना फार आधी कळलं. जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात. ताऱ्यांशी त्याचा संबंध नाही. पूर्वी सुकाणूचं वल्हं त्या बाजूला असे, त्यावरून ‘स्टिअर’ आणि ‘बोर्ड’. डाव्या बाजूला तेव्हा ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यात ओरडून सांगितलेला हुकूम लारबोर्ड होता की स्टारबोर्ड, हे कळेना. शेवटी ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये लारबोर्ड बाद करून ‘पोर्ट’ आणला.

आज व्यापारी जहाजांवर अनेक देशांची माणसं एकत्र काम करतात, आणि इंग्रजी बहुतेकांची मातृभाषा नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर 2001 मध्ये ठरावीक वाक्यांचा एक संच स्वीकारला. मर्चंट नेव्हीची तयारी करणाऱ्याने व्याकरणाच्या जाड पुस्तकाआधी हा संच पाहावा, कारण इंग्रजीचे नेमके धोके कोणते हे त्यातून कळतं. आकडे सुटे बोलायचे: 150 अंश म्हणजे ‘वन-फाइव्ह-झीरो डिग्रीज’. अपवाद सुकाणूच्या हुकमांचा, तिथे 15 ला ‘फिफ्टीन’च म्हणायचं. उच्चारही ठरवून दिलेत. नऊला ‘नाइनर’. तीनला ‘ट्री’, हजाराला ‘टाउझंड’. जो थ जगातल्या निम्म्या लोकांना जमत नाही तो सरळ काढूनच टाकला. एरवी ‘थ्री’चा ‘ट्री’ केला तर मास्तर ओरडतात. रेडिओवर तेच शुद्ध.

त्याच संचात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’, ‘कॅन’ या शब्दांपासून सावध केलं आहे. ‘मे’ म्हणजे परवानगी आहे की शक्यता आहे, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. म्हणून ‘मे आय एंटर द फेअरवे’ (फेअरवे म्हणजे जहाजांची ये-जा करायची वाट) असं न विचारता ‘क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टु एंटर द फेअरवे’ असं विचारायचं. वाक्याआधी ते प्रश्न आहे, सूचना आहे, इशारा आहे की विनंती, हे एका शब्दात सांगायचं. असे आठ शब्द ठरलेले आहेत.

रेडिओवर अक्षरं सांगायची वर्णमालाही अशीच ठोकून-पीटून तयार केलेली. त्यात ए-साठी ‘अल्फा’ आहे, पण स्पेलिंगमध्ये पी-एच नाही, एफ आहे, कारण पी-एच म्हणजे फ हे सगळ्यांना माहीत नसतं. जे-साठी ‘ज्युलिएट’, शेवटी दोन टी. एकच टी असता तर फ्रेंच माणसाने तो सायलेंट केला असता. संकटाची हाक ‘मेडे’ ही फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’ या अर्थाच्या शब्दावरून आली. मे महिन्याशी तिचं काही नातं नाही. ती तीनदा उच्चारायची, जहाजावरच्या व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनलवर.

डिझेलची साठवण असेल तिथे एक शब्द टाळावा: ‘इनफ्लेमेबल’. सुरुवातीचा ‘इन’ नकार दाखवतो असं वाटतं आणि वाचणारा ‘न पेटणारा’ असा अर्थ काढतो. अर्थ नेमका उलटा, पेट घेणारा. ‘फ्लेमेबल’ लिहावं, त्यात गैरसमज होत नाही.

तपासायचं कसं

मोबाइलमधला स्पेलचेक यातल्या बहुतेक चुकांना लाल रेघ मारत नाही, कारण वाळवंट, स्नायू, विक्री हे सगळे खरेच शब्द आहेत. शंका आली की केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात शब्द उघडावा. ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारांची दोन वेगळी बटणं असतात, दोन्ही दाबून ऐकावीत. उच्चाराच्या लेखनात छोटी उभी रेघ ज्या भागाच्या आधी वर दिसेल, त्या भागावर जोर. स्वरापुढे विसर्गासारखी दोन टिंबं दिसली की स्वर दीर्घ. बीचपुढे ती आहेत. मग फोनवर इंग्रजी व्हॉइस टायपिंग सुरू करून तेच वाक्य तीन-चारदा म्हणावं. दरवेळी फोनने हवा तोच शब्द टाइप केला तर उच्चार पोचतोय. एकटा शब्द म्हणू नये, वाक्यात म्हणावा.

वहीत सुटे शब्द लिहिले तर लक्षात राहत नाहीत, जोडी लिहावी: ‘स्टेशनरी शॉप’ म्हणजे वह्या-पेनांचं दुकान, शेवट ई-आर-वाय, ‘स्टेशनरी बोट’ म्हणजे उभी बोट, शेवट ए-आर-वाय. ‘लायसन्स’ म्हणजे परवाना, त्याचं ब्रिटिश स्पेलिंग नाम असताना शेवटी सी-ई, क्रियापद असताना एस-ई. अमेरिकेत दोन्हीकडे एस-ई. भारतात सरकारी कागदावर सी-ई चालतं, तेच धरावं.

पाटी किंवा मेनू छापायला देताना मजकूर हाताने लिहून त्याचा फोटो पाठवू नये. फ्लेक्सवाला तो पुन्हा टाइप करतो आणि नव्या चुका तिथेच शिरतात. व्हॉट्सॲपवर टाइप करूनच पाठवावा, म्हणजे त्याला तो जसाच्या तसा उचलता येतो. प्रूफ आलं की शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, एकेक शब्द करून उलटं वाचावं. सरळ वाचताना डोळा चुकलेलं अक्षर आपोआप सुधारून घेतो, उलट वाचताना त्याला ते जमत नाही. आंब्याच्या पेटीचं प्रूफ असेल तर सर्वांत आधी हापूसचं इंग्रजी नाव पाहावं. तिथे पी-एच नंतर ओच्या जागी ए पुष्कळ पेट्यांवर दिसतो. बरोबर स्पेलिंग ए-एल-पी-एच-ओ-एन-एस-ओ.